इंग्रजीच्या बोलींचं व्याकरण: सारखे सारखे येणारे प्रश्न

इंग्रजी वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या व्याकरणाने बोलली जाते यावर जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. आधी सोपे, मग किचकट. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर नंबर दिलाय, तिकडे जाऊन बघा.

१. ॲक्सेंट आणि डायलेक्ट एकच ना? उगाच दोन शब्द कशाला?

एकच नाहीत. ॲक्सेंट म्हणजे फक्त उच्चार. डायलेक्टमध्ये उच्चार येतात, शब्द येतात आणि वाक्य कसं बांधायचं तेपण येतं. स्कॉटलंडचा एखादा माणूस अगदी पुस्तकी इंग्रजी स्कॉटिश ॲक्सेंटमध्ये बोलू शकतो, तेव्हा ॲक्सेंट तिथला पण व्याकरण प्रमाण. तोच माणूस घरी 'द कार नीड्स वॉश्ड' म्हणाला की मग तो डायलेक्ट (प्रश्न ९ बघा). खाली सगळं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, उच्चारांचा विषय इथे घेतलेला नाही.

२. पण सरळ सांगा ना, ही चुकीची इंग्रजीच आहे की नाही? शाळेत नीट शिकले नाहीत म्हणून असं बोलतात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि थोडा रागानेच येतो.

बोलीला नियम आहेत की नाही हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे ती बोलणारे लोक काय *म्हणत नाहीत* ते बघायचं. अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ भागात जुने लोक क्रियापदाच्या आधी 'अ' लावतात, 'ही वेन्ट अ-हंटिंग' असं. बाहेरच्याला वाटतं की वाटेल तिथे 'अ' चिकटवतात, सिनेमात गावठी पात्र दाखवायचं असलं की तसंच करतात. पण वॉल्ट वोल्फ्रम या भाषाशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे नीट तपासलं तर चक्क नियम सापडले. 'हंटिंग इज फन' यात हंटिंग हे नाम आहे, तिथे 'अ' लागत नाही. 'बाय हंटिंग' मध्ये आधी शब्दयोगी अव्यय आहे, तिथेही नाही, कारण हा 'अ' मुळात 'ऑन' चाच घासून उरलेला तुकडा आहे, मग एकापुढे एक दोन अव्ययं कशी येणार? 'डिस्कव्हरिंग' सारख्या शब्दात जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो म्हणून तिथेही 'अ' नको.

हे नियम कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत, आणि तिथली माणसं ते कधी कुणी न सांगता पाळतात. नियम माहीत नसलेला माणूस असं बोलत नाही, वेगळे नियम माहीत असलेला माणूस बोलतो. 'चूक' हा शब्द प्रमाण इंग्रजीच्या मापाने बरोबर आहे, परीक्षेत मार्क जातील हे खरंच (प्रश्न १५). पण त्या बोलीच्या मापाने 'अ-डिस्कव्हरिंग' ही चूक आहे.

३. मग प्रमाण इंग्रजी खरी आणि बाकीच्या तिच्यातून बिघडलेल्या, असं नाही का?

नाही. प्रमाण इंग्रजी हीपण मुळात एक बोलीच, लंडन आणि त्याच्या उत्तरेकडच्या मध्य इंग्लंडची. राजधानी तिथे, सरकारी कागद तिथे, १४७६ साली कॅक्स्टनने छापखाना टाकला तोही वेस्टमिन्स्टरला, त्यामुळे ती वर आली. गंमत म्हणजे तिच्यातल्या कित्येक गोष्टी बाहेरून आल्यात. 'शी गोज' मधला 'ज' आज एकदम शुद्ध वाटतो, पण दक्षिणेत पूर्वी 'गोएथ' म्हणायचे आणि 'ज' वालं रूप उत्तर इंग्लंडचं होतं. 'दे' हे सर्वनाम तर व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आलं.

४. 'आय डोन्ट नो नथिंग' म्हणजे दोन नकार मिळून होकार झाला ना? गणितात तर होतो.

गणितात होतो, भाषेत ठरवू तसं. कोणताही इंग्रजी बोलणारा माणूस हे वाक्य ऐकून 'अरे म्हणजे याला सगळं माहितीये' असं समजत नाही. कवी चॉसरच्या काळी, म्हणजे १४ व्या शतकात, एका वाक्यात दोन-तीन नकार सर्रास असायचे आणि त्याने नकार पक्का व्हायचा. नंतर लिखाणातून ते हळूहळू मागे पडले आणि १८ व्या शतकातल्या व्याकरणकारांनी वरून तर्कशास्त्राचा शिक्का मारला. बोलण्यातून मात्र ते कधी गेलेच नाहीत, लंडनपासून न्यूयॉर्क, सिडनीपर्यंत कुठेही ऐका. प्रदेशापेक्षा यात सामाजिक वर्गाचा फरक जास्त दिसतो. फ्रेंच, स्पॅनिश, रशियन या भाषांच्या प्रमाण रूपातच दुहेरी नकार आहे आणि तिथे त्यावरून कुणी कुणाला अडाणी म्हणत नाही.

५. ब्रिटिश आणि अमेरिकन यांच्यात स्पेलिंग सोडून व्याकरणाचा फरक आहे का खरंच?

आहे, पण लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. ब्रिटिश माणूस 'आय हॅव ऑलरेडी ईटन' म्हणेल तिथे अमेरिकन सहज 'आय ऑलरेडी एट' म्हणतो. 'द टीम आर प्लेइंग' हे ब्रिटनमध्ये चालतं, अमेरिकेत 'इज' च लागतं. ब्रिटिश लोक 'ही माइट हॅव डन' म्हणून वाक्य सोडून देतात, अमेरिकन 'ही माइट हॅव' वरच थांबतो.

सगळ्यात मजेदार 'गॉटन'. बरेच ब्रिटिश लोक याला अमेरिकन खूळ म्हणतात, पण रूप जुनं इंग्रजीच आहे, ब्रिटनच्या प्रमाण भाषेतून गेलं आणि अमेरिकेत टिकलं. आणि अमेरिकन माणूस दोन्ही रूपं वापरतो बरं का, 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी मिळवली. ब्रिटिश बोलण्यात हा फरक करायला वेगळं रूपच नाही. तर मग कोणाची इंग्रजी अपुरी?

६. 'यू' ला अनेकवचन नाही हे विचित्र वाटतं, तू आणि तुम्ही कळणार कसं?

इंग्रजी बोलणाऱ्यांनाही विचित्र वाटतं, म्हणून तर जागोजागी लोकांनी आपापलं बनवून घेतलंय. अमेरिकेच्या दक्षिणेत 'यॉल', पिट्सबर्गला 'यिन्झ', आयर्लंड, लिव्हरपूल, ग्लासगो आणि ऑस्ट्रेलियातही 'यूझ', आयर्लंडमध्ये शिवाय 'यी'. पूर्वी एकवचनी 'दाऊ' होतं ते प्रमाण भाषेतून गेलं आणि जागा रिकामी झाली. यॉर्कशरमध्ये त्याचे अवशेष 'दी' आणि 'दा' अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सापडतात.

७. आफ्रिकन अमेरिकन लोक 'ही बी वर्किंग' म्हणतात, तिथे 'इज' विसरतात का?

विसरत नाहीत, तो वेगळा काळ आहे. किंवा काळ म्हणण्यापेक्षा सवय दाखवणारं रूप म्हणा.

'ही वर्किंग' म्हणजे आत्ता काम करतोय. 'ही बी वर्किंग' म्हणजे तो काम करत असतो, नेहमीचं आहे, आत्ता या क्षणी तो झोपलेला असला तरी वाक्य खरंच. 'द कॉफी कोल्ड' म्हणजे हा समोरचा कप थंड आहे, 'द कॉफी बी कोल्ड' म्हणजे इथली कॉफी नेहमीच थंड असते. प्रमाण इंग्रजीला हे सांगायला 'यूज्वली', 'ऑलवेज' असले शब्द जोडावे लागतात. नकार करायचा तर 'ही डोन्ट बी वर्किंग', म्हणजे नकारालासुद्धा ठरलेली जागा आहे.

यावर जॅनिस जॅक्सन यांचा लहान मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रात कुकी मॉन्स्टर (मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातलं सतत बिस्किटं खाणारं पात्र) आजारी पडून अंथरुणात आहे आणि शेजारी त्याच कार्यक्रमातला एल्मो बिस्किटं खातोय. 'हू इज ईटिंग कुकीज' विचारलं की सगळीच मुलं एल्मो सांगायची. 'हू बी ईटिंग कुकीज' विचारलं की गोरी मुलं परत एल्मोच म्हणायची, आणि आफ्रिकन अमेरिकन मुलं मात्र कुकी मॉन्स्टर, कारण आत्ता तो खात नसला तरी बिस्किटं खात असणारा तोच ना. एवढ्या लहान वयात हा फरक पक्का असतो, मग 'विसरतात' कसं म्हणायचं?

जोर देऊन म्हटलेलं 'बिन' (been) पण असंच फसवं आहे. 'शी बिन मॅरिड', बिनवर जोर, याचा अर्थ तिचं लग्न होऊन खूप दिवस झाले आणि ती अजून विवाहित आहे. बाहेरचे लोक बऱ्याचदा उलटं समजतात, की पूर्वी होती, आता नाही.

८. आणि 'ही नाइस' मध्ये क्रियापदच नाही, त्यालाही नियम आहे म्हणाल!

हो म्हणणारच. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ मध्ये दाखवलेला हा नियम माझ्या मते सगळ्या यादीत देखणा आहे. जिथे प्रमाण इंग्रजीत 'इज' आखडून 'हीज नाइस' करता येतं तिथे आफ्रिकन अमेरिकन बोलीत ते गाळता येतं, आणि जिथे आखडता येत नाही तिथे गाळताही येत नाही. 'दॅट्स हाऊ नाइस ही इज' हे वाक्य घ्या, शेवटचा 'इज' तुम्ही प्रमाण भाषेत आखडून बघा, 'दॅट्स हाऊ नाइस हीज' जमत नाही ना? तर या बोलीतही तिथे 'इज' पूर्ण म्हणावाच लागतो. भूतकाळातला 'वॉज' गळत नाही आणि 'आय' बरोबरचा 'ॲम' सहसा गळत नाही.

९. 'आय माइट कुड' आणि 'नीड्स वॉश्ड' ही कुठली इंग्रजी आहे?

दोन्हींची मुळं बऱ्यापैकी एकाच दिशेला जातात. १८ व्या शतकात उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर भागातून स्कॉटिश वंशाचे पुष्कळ लोक अमेरिकेत गेले आणि त्यांच्या बरोबर हे व्याकरण गेलं असं साधारण मानलं जातं.

'माइट कुड' अमेरिकेच्या दक्षिणेत, स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या अगदी उत्तर टोकाला मिळतं. अर्थ 'बहुतेक जमेल' असा, थोडा मऊ, समोरच्याला अडकवून न ठेवणारा, एखादं काम टाळायचंही नाही आणि शब्दही द्यायचा नाही अशा वेळी फार उपयोगी. क्रम जवळजवळ ठरलेला आहे, 'माइट' आधी.

'द कार नीड्स वॉश्ड' स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि अमेरिकेत पिट्सबर्ग, ओहायो या पट्ट्यात. मधलं 'टू बी' नाहीच. तिथल्या माणसाला कधी कधी मोठं होईपर्यंत पत्ताही नसतो की बाकीचं जग असं म्हणत नाही. यात एक पायऱ्यांची गंमत आहे, 'नीड्स वॉश्ड' सगळ्यात जास्त लोकांना चालतं, 'द कॅट वॉन्ट्स फेड' त्याहून कमी लोकांना, 'द बेबी लाइक्स कडल्ड' त्याहून कमी. आणि ज्याला तिसरं चालतं त्याला पहिली दोन चालतातच, उलटं होत नाही.

१०. आयरिश माणूस 'आय ॲम आफ्टर ईटिंग माय डिनर' म्हणाला, म्हणजे त्याला जेवायचंय का?

नाही, तो आत्ताच जेवलाय, परत वाढू नका. आयरिश भाषेत 'नुकतंच केलं' हे 'तार एश' म्हणजे 'नंतर' या अर्थाच्या शब्दाने सांगतात, तीच घडण इंग्रजीत उतरली. बातमी ताजी असली की हे रूप येतं, दहा वर्षांपूर्वीच्या गोष्टीला नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्येही हे आहे कारण तिथे आयरिश वस्ती मोठी झाली.

आयर्लंडमध्येच 'आय हॅव माय डिनर ईटन' असंही म्हणतात, त्यात काम उरकलं यावर जोर असतो. आणि 'ही डू बी वर्किंग' हे सवयीचं रूप तिथे आहे, ते प्रश्न ७ मधल्या 'बी' च्या अर्थाशी खूप जुळतं. दोघांचा संबंध आहे का यावर वाद चालूच आहे, मी त्यात पडत नाही.

११. 'वी वॉज' आणि 'आय वेअर' दोन्ही ऐकलंय, मग नेमकं काय चालतं?

कुठे उभे आहात त्यावर. लंडन आणि इतर पुष्कळ ठिकाणी सगळ्यांना 'वॉज', म्हणून 'वी वॉज', 'यू वॉज'. यॉर्कशर, लँकेशर भागात उलटं, सगळ्यांना 'वेअर', म्हणून 'आय वेअर'.

आता किचकट भाग. काही जागी होकाराला 'वॉज' आणि नकाराला 'वेरन्ट' अशी वाटणी झालीये, कर्ता कुणीही असो. म्हणजे 'आय वॉज देअर' पण 'आय वेरन्ट देअर'. नॉर्थ कॅरोलायनाचं ओक्राकोक बेट आणि इंग्लंडच्या पूर्वेचा फेन्स हा सखल भाग, दोन्हीकडे हे सापडलंय. जी दोन रूपं एकवचन-अनेकवचनासाठी होती ती लोकांनी होकार-नकारासाठी कामाला लावली.

१२. क्रियापदाला 's' लावायचा तो तरी सगळीकडे सारखा असेल ना, ही-शी-इट ला?

हा तर सगळ्यात विस्कटलेला भाग आहे. पूर्व इंग्लंडमधल्या नॉरिचकडे बरेच लोक 'शी गो' म्हणतात, 'स' नाहीच, भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी तिथे १९६८ मध्ये केलेलं काम यासाठी आजही सांगितलं जातं. न्यूफाउंडलंडमध्ये उलट, 'आय लव्ज इट', सगळ्यांना 'स'.

आणि मग उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड, अल्स्टरचा नियम, जो ऐकून लोक डोकं धरतात. कर्ता सर्वनाम असेल आणि क्रियापदाला चिकटून असेल तर 'स' नको, म्हणून 'दे सिंग'. कर्ता नाम असेल तर अनेकवचनालाही 'स', म्हणून 'द बर्ड्स सिंग्ज'. सर्वनामच आहे पण क्रियापदापासून लांब पडलं तर परत 'स', म्हणून 'दे सिंग अँड डान्सेस', एकाच वाक्यात, एकाच कर्त्याला. अडाणीपणाने हे जमत नाही हो, आणि मध्ययुगीन हस्तलिखितांतही हेच दिसतं.

१३. असे कुठले प्रकार आहेत का जिथे शब्द ओळखीचे पण अर्थच उलटा?

आहेत, आणि खरा घोटाळा तिथेच होतो, कारण आपल्याला वाटतं समजलं. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात 'एनीमोअर' नकाराशिवाय येतं, 'दे ऑल यूज फोन्स एनीमोअर' म्हणजे आजकाल सगळे फोन वापरतात. मॅसॅच्युसेट्स भागात कुणी म्हणालं मला पोहायला आवडतं आणि दुसरा म्हणाला 'सो डोन्ट आय', तर त्यालाही आवडतं, नकार नुसता दिसायला आहे. यॉर्कशरमध्ये 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला 'गिव्ह इट टू ही' ऐकू येईल, तो 'ही' तिथे जोर द्यायला आलाय, आणि तिकडच्या जुन्या बोलीत हातोडी, टेबल अशा वस्तूंनाही 'ही' म्हणायचे. वर दिलेलं 'शी बिन मॅरिड' (प्रश्न ७) याच यादीत बसतं.

१४. मग इंडियन इंग्लिश आणि सिंगलिश (सिंगापूरची इंग्रजी) यांनाही बोलीच म्हणायचं का?

हो. 'यू आर कमिंग, इजन्ट इट?' हे आपल्याकडे चूक म्हणून शिकवतात, पण सगळ्या कर्त्यांना एकच शेपूट लावायची पद्धत वेल्समध्ये आहे, लंडनच्या पोरांचं 'इनिट' तेच आहे. 'आय ॲम वॉन्टिंग' सारखी रूपं स्कॉटलंडमध्येही ऐकू येतात. 'ही इज लाइक दॅट ओन्ली' मधला शेवटचा 'ओन्ली' मात्र खास इथला, आपल्या 'च' सारखं काम करतो.

सिंगापूरला 'आय ईट ऑलरेडी' म्हणजे खाऊन झालं, 'ऑलरेडी' तिथे क्रिया पूर्ण झाल्याची खूण आहे, चिनी भाषांतून आलेली. तिथल्या सरकारने २००० साली चांगली इंग्रजी बोला म्हणून मोहीम काढली, तरी लोक बोलतातच. फरक एवढाच की आपल्याकडे अजून 'ही आपली पद्धत' आणि 'ही याची वैयक्तिक चूक' यातली रेघ नीट आखलेली नाही, त्यासाठी प्रश्न १६ बघा.

१५. हे सगळं ठीक, पण परीक्षेत आणि ऑफिसात असं लिहिलं तर?

लाल शाई. तिथे प्रमाण रूपच लिहा, यात दुमत नाही.

पण 'हे कळलं नाही तरी काय बिघडतं' असंही लोक विचारतात, त्याचं उत्तर जड आहे. २०१९ मध्ये फिलाडेल्फियातल्या २७ कोर्ट रिपोर्टरांना (कोर्टातलं बोलणं शब्दशः लिहून घेणाऱ्यांना) आफ्रिकन अमेरिकन बोलीतली वाक्यं ऐकवून लिहून घेतली. या लोकांना प्रमाणपत्रासाठी ९५ टक्के अचूकता लागते. इथे पूर्ण बरोबर उतरलेली वाक्यं साधारण ६० टक्केच निघाली. साक्षीदार काय बोलला याची कोर्टात हीच अधिकृत नोंद असते, आणि 'तो नेहमी तिथे असतो' व 'तो आत्ता तिथे आहे' यात फरक पडला तर एखाद्याची सुटका आणि शिक्षा यात फरक पडू शकतो.

शाळांतही हे पेटलंय. १९७९ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या खटल्यात कोर्टाने शाळेला सांगितलं की मुलांची घरची बोली लक्षात घेऊन वाचायला शिकवा. डिसेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळा मंडळाने तसाच ठराव केला तेव्हा देशभर थट्टा झाली, बऱ्याच जणांना वाटलं आता प्रमाण इंग्रजी शिकवणारच नाहीत, तर मुद्दा बोलीच्या आधाराने प्रमाण इंग्रजी शिकवण्याचा होता.

१६. समोरचा चुकला की त्याची बोलीच तशी आहे, हे ओळखायचं कसं?

तीन गोष्टी बघा. एक, तो तेच रूप परत परत, त्याच जागी वापरतो का. जीभ घसरली तर एकदा घसरते. दोन, त्याच्या गावचे बाकीचे लोक तसंच बोलतात का. तीन, त्याला तुम्हीच एक चुकीचं वाक्य बनवून दाखवा, पिट्सबर्गच्या माणसाला 'द कार सीम्स वॉश्ड टू बी' असं काहीतरी, तो लगेच तोंड वाकडं करून नाही म्हणेल. मात्र 'तुम्ही असं बोलता का' असं सरळ विचारू नका, लोक लाजेने नाही म्हणतात आणि पुढच्या वाक्यात तेच वापरतात.

१७. एखादं रूप कुठे कुठे आहे हे शोधायचं असेल तर?

जगभरच्या इंग्रजींसाठी ईवेव्ह नावाचा ऑनलाइन ॲटलास आहे, २३५ व्याकरणिक लक्षणं आणि ७० हून जास्त प्रकारच्या इंग्रजी, फुकट बघता येतो. उत्तर अमेरिकेसाठी येल विद्यापीठाचा ग्रामॅटिकल डायव्हर्सिटी प्रोजेक्ट जास्त वाचनीय आहे, एकेका रचनेवर वेगळं पान.

इंग्लंडच्या जुन्या बोलींसाठी लीड्स विद्यापीठात हॅरल्ड ऑर्टन यांनी उभा केलेला सर्व्हे, १९५० ते १९६१ मध्ये ३१३ गावांत फिरून केलेला. फक्त तो वापरताना एक ध्यानात ठेवा, त्यात मुद्दाम खेड्यातली वयस्कर माणसं, त्यातही पुरुषच जास्त, निवडली होती, कारण जुनं ते टिपायची घाई होती. त्यामुळे नकाशावर एखादं रूप दिसलं म्हणजे आज तिथली पोरं तसं बोलतात असं धरू नका, आणि शहरांतलं किंवा बायकांच्या तोंडचं बरंच काही त्या नकाशावर आलेलंच नाही.